एनडीपीएसच्या (ड्रग्जविरोधी कायद्याच्या) केसमध्ये बेल झालीय आणि बाहेर जायचंय, तर परवानगी कशी काढायची

ड्रग्जच्या केसमध्ये जामीन झाला की थोड्याच दिवसांत घरात प्रश्न निघतो, आता गावाला जाता येईल का, आणि नंतर कधीतरी, परदेशात जाता येईल का. दोन्हीचं उत्तर बेल ऑर्डरच्या शेवटच्या एकदोन पानांत असतं आणि ती पानं बऱ्याच जणांनी वाचलेलीच नसतात, "जामीन मंजूर" एवढं ऐकलं की सगळे जामीनदार शोधायला पळतात. तर पहिलं काम हे की ऑर्डरची नक्कल काढा, मोबाईलवर आलेला स्क्रीनशॉट नाही, कोर्टाच्या शिक्क्याची सर्टिफाईड कॉपी, आणि अटींचा भाग एक एक शब्द धरून वाचा.

कशासाठी एवढं, तर "परवानगीशिवाय जाणार नाही" आणि "कळवल्याशिवाय जाणार नाही" ह्या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत. कळवायचं असेल तर तपास अधिकाऱ्याला म्हणजे आयओला लेखी कळवलं, कुठे जातोय कधी येतोय ते दिलं, पोच घेतली, की तुम्ही निघू शकता. परवानगी म्हटलं असेल तर मात्र ऑर्डर हातात येईपर्यंत हलायचं नाही, आयओ फोनवर "जा हो काही नाही होत" म्हणाला तरी नाही, कारण ती परवानगी द्यायचा अधिकार त्याचा नाहीच. तिसरी गोष्ट हद्द. बृहन्मुंबई लिहिलंय, जिल्हा लिहिलाय, राज्य लिहिलंय की भारत? बृहन्मुंबई लिहिलं असेल तर मीरा रोड आणि वाशी त्यात येत नाही, लोकल तीच असली तरी. तुमचं घर किंवा ऑफिस हद्दीबाहेर असेल तर ते लगेच कोर्टाच्या नजरेला आणून अट दुरुस्त करून घ्या, रोज अट मोडत राहायचं आणि कोणी विचारत नाही म्हणून गप्प बसायचं हे फार महागात जातं.

महागात का ते सांगतो. साध्या गुन्ह्यात जामीन रद्द झाला तर पुन्हा मिळायची बरी शक्यता असते, पण एनडीपीएस कायद्यात (१९८५ चा) कलम ३७ आहे. कमर्शियल क्वांटिटी असेल, म्हणजे गांजा २० किलो, चरस १ किलो, एमडी म्हणजे मेफेड्रोन ५० ग्रॅम आणि एमडीएमए तर फक्त १० ग्रॅम, यापेक्षा जास्त, तर सरकारी वकिलांनी विरोध केल्यावर जज्जची आधी अशी खात्री व्हावी लागते की आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर आला तर पुन्हा गुन्हा करणार नाही. या चाळणीतून एकदा निसटलात, किंवा बरीच वर्षं आत काढल्यावर केस लांबली म्हणून सुटलात, तर परत त्याच चाळणीत कशाला उभं राहायचं. अट मोडली की बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) च्या कलम ४८३(३) खाली जामीन रद्द करायचा अर्ज येऊ शकतो, तारखेला हजर नसाल तर नॉन बेलेबल वॉरंट निघतं, बॉण्डचे पैसे जप्त होऊ शकतात आणि तुमच्यासाठी सही करणाऱ्या जामीनदाराच्या घरी नोटीस जाते, ते वेगळंच.

प्रवासावर बंधन घालायची पद्धत ड्रग्जच्या केसमध्ये जुनी आहे. सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये लीगल एड कमिटीच्या प्रकरणात वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या एनडीपीएस कैद्यांना सोडायचे निकष घातले तेव्हाच सांगितलं होतं की पासपोर्ट स्पेशल कोर्टात (जिथे एनडीपीएसची केस चालते) जमा करायचा, नसेल तर नाही असं अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं, ठरलेल्या दिवशी पोलीस स्टेशनला हजेरी लावायची आणि स्पेशल कोर्टाची हद्द परवानगीशिवाय सोडायची नाही. आजही बहुतेक ऑर्डरींमध्ये याच अटी थोड्याफार फरकाने दिसतात. पण कोर्ट वाटेल ती अट घालू शकतं असंही नाही. ८ जुलै २०२४ ला फ्रँक व्हायटस विरुद्ध एनसीबी (नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो) या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने गुगल मॅपचा पिन आयओला दिसत राहील अशी अट काढून टाकली, आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट प्रायव्हसीच्या हक्काविरुद्ध आहे म्हणून. परदेशी आरोपीने दूतावासाचं सर्टिफिकेट आणलंच पाहिजे असंही नाही, हे त्याच निकालात आलं. तुमच्या ऑर्डरमध्ये लाईव्ह लोकेशनची अट असेल तर हा निकाल वकिलांना दाखवा.

आता अर्ज. कुठे करायचा इथेच पहिली चूक होते. अट ज्या कोर्टाने घातली त्याच्याकडेच ती बदलायला जायचं, हायकोर्टाने जामीन दिला असेल तर स्पेशल कोर्ट ती अट बदलू शकत नाही. पण हायकोर्टाच्या ऑर्डरमध्ये "ट्रायल कोर्टाच्या परवानगीशिवाय" असं लिहिलेलं असेल तर प्रत्येक ट्रिपची परवानगी स्पेशल कोर्टातच मिळते, हायकोर्टात जायची गरज नाही. परत तेच, शब्द वाचा.

वेळ भरपूर ठेवा. अर्ज टाकला की कोर्ट सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं, सरकारी वकील आयओकडून रिपोर्ट मागवतात, आयओ बंदोबस्तात किंवा दुसऱ्या कोर्टात साक्षीला, आणि तारीख पुढे जाते. निदान महिनाभर आधी अर्ज पाहिजे, मधे दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी येत असेल तर त्याहून आधी. "साहेब तिकीट काढलंय, परवा फ्लाईट आहे" हे कारण कोर्टात उलटच पडतं, परवानगी मिळणारच असं तुम्ही धरून चाललात असा त्याचा अर्थ होतो.

अर्जात काय लिहायचं तर कारण आणि त्याचा कागद (लग्नपत्रिका, हॉस्पिटलचं पत्र, कंपनीचं पत्र, अ‍ॅडमिशन लेटर), जायची आणि यायची तारीख, राहायचा पत्ता, तिथला चालू नंबर, कोण सोबत आहे. इतके दिवस किती तारखांना हजर राहिलात आणि हजेरी कधी चुकवली नाही हेही लिहा, हजेरीच्या नोंदीची कॉपी असेल तर उत्तम, माझ्या मते हा एक कागद दहा निकालांपेक्षा जास्त काम करतो. मधे केसची तारीख पडत असेल तर गैरहजेरी माफीचा अर्ज वेगळा टाका, बाहेर जायची परवानगी मिळाली म्हणजे तारखेलाही सूट मिळाली असं होत नाही, हजेरीच्या दिवसाचंही तेच. आणि एक हमीपत्र: माझ्या मागे वकिलांसमोर साक्षीदार तपासायला हरकत नाही, माझ्या ओळखीबद्दल वाद घालणार नाही, माझ्यामुळे केस लांबणार नाही. सरकारी पक्षाची खरी भीती पळून जायची आणि केस रखडायची, ती दोन्ही कमी केलीत की विरोध बराच नरम होतो. घर, म्हातारे आईवडील, मुलांची शाळा, धंदा, हे सगळं इथेच आहे, हेही सांगा, संकोच करू नका.

परदेशाचं प्रकरण लांबलचक आहे. पासपोर्ट कोर्टात, व्हिसाला पासपोर्ट लागतो, आणि व्हिसा नाही तर कोर्ट विचारतं जाणार कसा, म्हणून अर्जात दोन मागण्या ठेवा, आधी व्हिसासाठी पासपोर्ट तात्पुरता द्या आणि मग प्रवासाची परवानगी द्या. व्हिसाच्या फॉर्ममध्ये पेंडिंग केसबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा, लपवलेलं सापडलं की इथे कोर्टातही तोंड दाखवायला जागा राहत नाही. पासपोर्टची मुदत संपली असेल तर १९९३ चं परराष्ट्र खात्याचं नोटिफिकेशन आहे, केस पेंडिंग असताना कोर्टाची परवानगी दाखवली तर पासपोर्ट मिळतो, पण कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून किती वर्षांसाठी हवाय ते अर्जातच मागा. आणि झडतीत पोलिसांनी पासपोर्ट उचललाय, ऑर्डरमध्ये मात्र जमा करायची अट नाही, असं असेल तर २००८ चा सुरेश नंदा निकाल बघा, पोलीस पासपोर्ट ताब्यात घेऊ शकतात पण कायमचा अडकवून ठेवू शकत नाहीत, तो अधिकार पासपोर्ट कार्यालयाचा.

मग एलओसी, लुक आऊट सर्क्युलर, म्हणजे या माणसाला देशाबाहेर जाताना अडवा अशी इमिग्रेशनला दिलेली सूचना. यात लोक एअरपोर्टवर अडकतात. कोर्टाने परवानगी दिली, पासपोर्ट दिला, बॅगा भरल्या आणि इमिग्रेशन काउंटरवर थांबवलं, कारण केस करणाऱ्या तपास एजन्सीने उघडलेला एलओसी सिस्टीममध्ये तसाच आहे. इमिग्रेशनवाले फक्त अंमल करतात, काढायचं काम एजन्सीचं. म्हणून अर्जातच मागणी टाका की या तारखांपुरता एलओसी स्थगित ठेवून तसं इमिग्रेशनला कळवावं, ऑर्डर झाली की तिची कॉपी एजन्सीला लगेच द्या, पोच घ्या, आणि एअरपोर्टवर सर्टिफाईड कॉपी हातात ठेवा, बॅगेत तळाला नको.

कोर्ट हो म्हणतं तेव्हाही अटी लावून म्हणतं. २०२२ मध्ये रिया चक्रवर्तीला अबूधाबीला जायला मुंबईच्या स्पेशल कोर्टाने पासपोर्ट दिला तेव्हा जादा डिपॉझिट भरायला लावलं आणि तिथल्या भारतीय दूतावासात हजेरी लावायला सांगितलं. ड्रग्जची नव्हती पण ठाण्याची एक केस, परवेज लोखंडवाला, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला ८ आठवड्यांसाठी जाऊ दिलं आणि बंधन हे कारणापुरतंच असावं असं म्हटलं. परदेश प्रवासाच्या अर्जाला हा निकाल जोडायला चांगला आहे.

सारखं फिरणं हेच पोट असेल, ट्रक ड्रायव्हर, सेल्समन, कलाकार, तर दर वेळी अर्ज परवडत नाही. अशांनी अट बदलायचाच अर्ज करावा, परवानगीच्या जागी कळवून जायची मुभा मागावी. चार्जशीट झाली, लॅबचा रिपोर्ट आला, साक्षी सुरू व्हायची चिन्हं नाहीत, हजेरी व्यवस्थित आहे, असं असताना तो अर्ज टाकला तर जोर असतो, जामिनानंतर दुसऱ्याच आठवड्यात टाकला तर नाही. आर्यन खानला ऑक्टोबर २०२१ मध्ये दर शुक्रवारी एनसीबीत हजेरीची अट होती, डिसेंबरमध्येच हायकोर्टाने ती सैल केली, पुढे २०२२ मध्ये त्याला क्लीन चिट मिळाल्यावर पासपोर्टही परत मिळाला.

रात्री अचानक गावी कोणी वारलं आणि निघावंच लागलं तर आयओला मेसेज आणि ईमेल दोन्ही करा, वकिलांना उठवा, दुसऱ्या दिवशी कोर्टात कागदासकट पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, टाकायला सांगा. अट मोडली ती मोडलीच, पण तुम्ही स्वतः सांगितलंत आणि पोलिसांनी शोधून काढलं यात फरक पडतो.

परत आलात की दिलेल्या मुदतीत पासपोर्ट जमा करा, पावती घ्या, बोर्डिंग पास आणि शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स लावून पुरसीस द्या, पुढच्या अर्जाला हीच जोडायची आहे. आणि निर्दोष सुटलात तर निकालाच्याच दिवशी पासपोर्ट परतीची ऑर्डर आणि एलओसी काढायची मागणी करायची आठवण वकिलांना करून द्या, नाहीतर केस संपून वर्ष झालं तरी पासपोर्ट कोर्टातच पडून असतो आणि तो काढायला परत वेगळा अर्ज, परत से, परत तारीख.