धडधड थांबली, वण राहिला: एट्रियल फिब्रिलेशनमधल्या या चुका टाळा

आमच्या आत्याला दोन वर्षं अधूनमधून धडधडायचं. पित्त असेल म्हणून ती कोकम सरबत घ्यायची आणि तासाभरात कामाला लागायची. घरच्या बीपी मशीनवर एकदा १३०, लगेच १०८ असे आकडे यायचे, तेव्हा आम्ही मशीनचे सेल बदलले. नाडी कुणी पाहिलीच नाही. पाहिली तेव्हा दोन ठोके घाईघाईने, मग रिकामी जागा, मग एकच दणका. ठेका असा नव्हताच.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक: आपोआप थांबतंय म्हणून वाट बघणं.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंतीतून विजेची लाट एकसंध पसरते. वय, जुना रक्तदाब, झडपेचा आजार यांमुळे स्नायूंच्या मध्ये वणासारखे चिवट तंतू तयार होतात. वणातून वीज जात नाही. लाट त्याला वळसा घालते, फुटते, फिरून मागे येते आणि कप्पा नुसता थरथरतो. हेच एट्रियल फिब्रिलेशन. ही थरथर चालू राहिली की वण आणखी वाढतो. १९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी शेळ्यांच्या हृदयात अशी थरथर मुद्दाम चालू ठेवली. सुरुवातीला ती लगेच थांबायची, एक-दोन आठवड्यांत बहुतेक शेळ्यांमध्ये थांबेनाशी झाली. ठेका पूर्ववत केल्यावर विजेतला बिघाड आठवड्याभरात भरून आला. वणाचं मात्र तसं नाही, तो सहसा जात नाही. म्हणून वेळेला किंमत आहे. २०२० च्या ईस्ट-एफनेट ४ या अभ्यासात निदानानंतर वर्षाच्या आत ठेका सांभाळण्याचे उपचार सुरू केलेल्या रुग्णांमध्ये पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले.

दुसरी चूक म्हणजे ठेका सुधारला की रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं. वणाने ताठरलेला कप्पा नीट आकुंचन पावत नाही, रक्त साचतं, गुठळी होते. ॲब्लेशन (नळी हृदयात नेऊन बिघडलेल्या लाटा अडवण्याचा उपचार) झाल्यावरही ही गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडू नका. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला तर थेट १०८ ला फोन करा.

शेजाऱ्यांची गोळी बघून आपली बदलणं हेही तितकंच घातक. ऱ्हुमॅटिक तापाने झडप बरीच आकसली असेल तर वॉरफरिनच्या जातीचीच गोळी लागते, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, वेळेवर तपासावा लागतो. पालेभाजीने या गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो, पण ती सोडायची गरज नाही, फक्त प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा.

ॲब्लेशनने वण पुसला जात नाही. उलट नेमके छोटे वण करूनच चुकीच्या लाटांची वाट अडवतात. त्यामुळे वजन, दारू, घोरणं आणि बीपीकडे नंतरही लक्ष हवंच.

धडधड चालू असतानाच ईसीजी काढा, ती थांबल्यावर काढलेला कागद साफ येऊ शकतो. आणि आज रात्री जेवणं झाली की घरातल्या मोठ्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा.