बुलेट हलवायला डॉली घेताय? आधी पार्किंगची फरशी बघा

रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो आहे, सोसायटीच्या चिंचोळ्या पार्किंगमध्ये ती जागच्या जागी वळवायची म्हणजे कंबरेची वाट लागते, म्हणून लोक ऑनलाइन डॉली (गाडी वर चढवून फिरवायचा चाकांचा पाट) मागवतात आणि मग कळतं की पेव्हर ब्लॉकच्या फटीत तिची चाकं अडकतात. डॉली फक्त गुळगुळीत, सपाट फरशीवर चालते. उतार असेल तर विषयच सोडा. घेताना चाकं जरा मोठी आणि लॉकवाली बघा, आणि क्षमता निदान ३०० किलो तरी हवी.

नुसती चेन साफ करायची असेल तर सेंटर स्टँड पुरतो. तो नसेल तर मागचा पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) घ्या, पण आपल्या स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, बॉबिन (स्टँड अडकवायच्या खुंट्या) बसतात का बघून, नाहीतर रबरी कपवाला. पहिल्यांदा लावताना कोणालातरी हँडल धरायला उभं करा, आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर रबरबँडने आवळून ठेवा. (मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वापरतो, मस्त चालतो.)

गाडी खालून उचलायला सिझर जॅक लावलात तर ऑइलच्या ड्रेन बोल्टवर किंवा सायलेन्सरच्या बेंड पाइपवर भार अजिबात नको, मधे लाकडी फळी ठेवा.