बेदाण्यासाठी तासगाव: साताऱ्याहून रेल्वेने एका दिवसात

किराणा दुकानातून पावशेर-पावशेर आणत बसण्यापेक्षा वर्षाचा बेदाणा एकदाच सांगली जिल्ह्यातल्या तासगावहून आणावा, असं मी भेटेल त्याला सांगते. मार्चचा दुसरा पंधरवडा त्यासाठी उत्तम. तेव्हा बेदाणा वाळवायच्या शेड भरलेल्या असतात आणि नवा माल बाजारातही आलेला असतो.

सकाळची कोल्हापूरकडे जाणारी पॅसेंजर पकडा. सातारा स्टेशन माहुलीला, शहरापासून लांब आहे, म्हणून घरून लवकर निघा. उतरायचं भिलवडीला. वेळ आणि थांबा आदल्या रात्री मोबाईलवर बघून ठेवा. तुमची गाडी तिथे थांबत नसेल तर किर्लोस्करवाडीला उतरून पलूसमार्गे तासगाव गाठता येतं. भिलवडी स्टेशनहून तासगावला एसटी किंवा वडाप (सीटवर चालणारी खासगी जीप) मिळते.

बाजारात जाण्याआधी शेड बघा. रस्त्याकडेला हिरव्या शेडनेटचे लांबलचक मांडव दिसतील. मालकाला विचारूनच आत जा. दुपारच्या जेवणाची वेळ टाळलीत तर कुणीतरी आपुलकीने समजावून सांगतं. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरतात. त्याने सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि मण्यातलं पाणी भराभर उडतं. उन्हात वाळवला तर माल तांबूस पडतो, म्हणून सावली. काल टाकलेल्या रॅकवरचा मणी दाबला की बोट चिकट होतं. दहा दिवसांच्या रॅकवरचा मणी चिमटीत नुसता वाकतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की भावावरून घासाघीस करायला जीव होत नाही.

बाजार समितीतले सौदे व्यापाऱ्यांचे, तिथे पेट्यांचा हिशेब चालतो. आपण शेतकऱ्याकडून किंवा दुकानातून घ्यावा. मूठभर बेदाणा घट्ट दाबा आणि हात उघडा: मणी सुटे झाले पाहिजेत. गोळा राहिला तर माल ओला आहे. पहिल्या वर्षी मी नुसत्या रंगावर भुलून पाच किलो उचलला आणि जूनमध्ये डब्यात त्याची ढेप झाली. मग वास घ्या. रंग उजळ राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात; नाकाला झोंबत असेल तर तो माल ठेवून द्या. शेवटी दोन मणी चावून बघा. देठ किती राहिलेत तेही पाहा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, तरी परीक्षा आपल्या हातानेच करावी.

वेळ उरला तर तासगावातल्या, पटवर्धन संस्थानिकांच्या गणपतीचं दर्शन घ्या. सात मजली गोपुर महाराष्ट्रात सहसा बघायला मिळत नाही, पाच मिनिटं मान वर करून उभं राहावं असं आहे.

परतीच्या गाडीच्या तासभर आधी तासगाव सोडा. ओझ्यासाठी जाड कापडी पिशव्या न्या, प्लास्टिकचे बंद तुटतात. घरी आल्यावर महिन्यापुरता बेदाणा बरणीत काढा आणि बाकीचा घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिला तर पावसाळ्यापर्यंत त्याचा हिरवा रंग काळवंडतो.