बॉक्स कॅमेऱ्यात पहिला रोल कसा काढावा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी कोडॅक ब्राउनीसारखा डबा हाती लागला, तर आधी त्याची स्पूल, म्हणजे फिल्म गुंडाळायची रीळ, बघा. १२० या मापाच्या फिल्मची असेल तर निःशंक घ्या. ६२० या मापाचा रोल मात्र कोडॅकने १९९५ मध्ये बंद केला. मग मागचं झाकण काढून कॅमेरा उजेडाकडे धरा आणि शटर दाबा. भिंगातून क्षणभर उजेड चमकला पाहिजे. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या भिंगावर बुरशी धरते. मऊ सुती कापडाने हलकेच पुसा.

रोल सावलीतच भरा. फिल्मच्या पाठीच्या कागदाचं टोक रिकाम्या स्पूलच्या खाचेत अडकवा, दोन वेढे सरळ बसू द्या, झाकण लावा आणि मागच्या लाल खिडकीत १ दिसेपर्यंत चावी फिरवा. ६×९ सेंटीमीटरचा फोटो देणाऱ्या डब्यात ८ फोटो निघतात. ही खिडकी लाल रंग न ‘दिसणाऱ्या’ जुन्या फिल्मसाठी होती. आजची बहुतेक फिल्म लाल उजेडानेही खराब होते, म्हणून आकडा बघून झाला की खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा.

आता खरं काम: उजेड. या डब्यात छिद्र साधारण एफ/११ चं आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, दोन्ही बहुधा न बदलणारं. त्यामुळे वेळ आणि जागा तुम्हीच निवडायची. लख्ख उन्हात १०० किंवा १२५ आयएसओची (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) फिल्म, पावसाळी ढगांखाली ४००. निगेटिव्ह जादा उजेड बराच पचवते, कमी उजेड मात्र नाही. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे. हिवाळ्यात त्याच्या दर्शनी भागावर दिवसभर ऊन येत नाही, वर आभाळ तेवढं पांढरंफटक होतं. मे-जूनच्या सकाळी सूर्य ईशान्येकडून उगवतो, तेव्हा तिथे तिरपं ऊन पडतं. हिवाळ्यात सकाळी पूर्वेच्या तटाकडे जा. माझ्या मते तेच ऊन दगडाला उठाव देतं.

माणसांचे फोटो घेताना दहा फुटांच्या आत जाऊ नका. जवळचं धूसर येतं. डबा पोटाशी घट्ट धरा, श्वास रोखा, खटका सावकाश दाबा. वरच्या काचेत डावं-उजवं उलट दिसतं, सवय होते.

फोटो काढला की लगेच चावी फिरवून पुढचा आकडा आणा. हा डबा आठवण करून देत नाही. विसरलात तर एकावर एक दोन फोटो उमटतील. आठवा झाल्यावर कागद पूर्ण गुंडाळेपर्यंत फिरवा, रोल सावलीत काढा, त्याच्या टोकाची पट्टी चिकटवून तो बंद करा आणि धुवायला देईपर्यंत उन्हापासून लांब ठेवा.