रात्री उष्णता सोडणारा स्लॅब आणि त्यावरचे उपाय

गुऱ्हाळात शेवटचं आधण उतरून जाळ विझला, तरी चुलवाण दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला ऊब देतं. कोल्हापुरातलं स्लॅबचं घर एप्रिलमध्ये हेच करतं. दिवसभर ऊन पितं आणि आपण अंथरुणावर पडलो की सोडत बसतं. दगड, वीट, काँक्रीट उष्णता साठवणारच. तो साठा दिवसा कमी भरायचा आणि रात्री रिकामा करायचा, एवढंच आपलं काम.

आधी दोषी शोधा. रात्री नऊला भिंतींवरून हात फिरवा. आमची पश्चिमेची भिंत खांद्याच्या वर तव्यासारखी लागायची, आणि खाली, जिथं जास्वंदीची सावली पडते, तिथं चक्क गार!

मग गच्ची. बहुतेक घरांत सगळ्यात जास्त ऊन तीच खाते. लोखंडी पिंपात पाणी घ्या आणि कळीचा चुना त्यात थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतू नका, उकळून अंगावर उडतं. डोळ्यांना चष्मा हवाच. चुना रात्रभर मुरला की फडक्यातून गाळा, थोडा डिंक घाला आणि धुतलेल्या गच्चीवर फेब्रुवारीअखेर दोन हात मारा. पावसात तो धुऊन जातो, पण तोवर उन्हाळाही सरलेला असतो. दरवर्षीचा हा उद्योग नको असेल तर पांढऱ्या चायना मोझॅकचा, म्हणजे चिनी टाइल्सच्या तुकड्यांच्या फरशीचा, खर्च करा.

पश्चिमेचं ऊन भिंतीच्या बाहेरच अडवायचं. आतून पडदा लावून काय उपयोग, भिंत तर तापलीच. फूटभर अंतर सोडून मांडव उभा करा, त्यावर तोंडलीचा वेल सोडा. भाजीही होते.

आता फुकटची पायरी, आणि फुकट म्हणूनच दुर्लक्षित. सकाळी दहाला खिडक्या बंद. दिवस मावळून बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, रात्रभर उघड्या ठेवा. डासांना जाळी लावा. हे केलं नाही तर भिंतीत-छतात बसवायचं महागडं साहित्यही वाया. उष्णता साठवणारं मेण वितळताना किलोमागे साधारण २०० किलोज्यूल गिळतं, मान्य. पण रात्री गार वाऱ्यानं ते पुन्हा गोठलं नाही, तर दुसऱ्या दिवशी गिळणार काय? साध्या घराला मी ते सुचवणार नाही.

नवं बांधत असाल तर मोठी खिडकी दक्षिणेला घ्या, वर दोन फुटांचा छज्जा. मेच्या सुरुवातीला आपल्याकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, त्यामुळं तिथून ऊन आत येत नाही. डिसेंबरात तो दुपारी जेमतेम ५० अंशांवर चढतो. छज्ज्याची सावली अडीच फुटांच्या आतच संपते आणि चार फुटी खिडकीच्या खालच्या भागातून ऊन शहाबादी फरशीवर उतरतं. तिथं मात्र सतरंजी अंथरू नका, फरशी उघडी ठेवा, म्हणजे थंडीच्या रात्री तीच ऊब परत मिळेल.