झिंक-एअर बॅटरीच्या कॅथोडसाठी द्रवातील प्लाझ्माने चांदीचे नॅनोकण तयार करण्याची पद्धत

झिंक-एअर बॅटरीत जस्ताचे ऑक्सिडीकरण होते आणि हवेतील ऑक्सिजनचे क्षपण (इलेक्ट्रॉन स्वीकारणे) कॅथोडवर, म्हणजे हवेकडील इलेक्ट्रोडवर, होते. हे क्षपण मुळातच संथ असल्यामुळे तेथे उत्प्रेरक लागतो. प्लॅटिनम महाग पडते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मात्र चांदीदेखील हे काम समाधानकारकपणे करते. नेहमीच्या रासायनिक पद्धतीत कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पीव्हीपीसारखे बहुवारिक घालावे लागते, आणि तेच कणांवर बसून ऑक्सिजनची वाट अडवते. जपानमधील नागोया विद्यापीठात ओसामु ताकाई आणि नागाहिरो साइतो यांच्या गटांनी विकसित केलेल्या ‘सोल्यूशन प्लाझ्मा’ पद्धतीत वेगळा क्षपणकारक किंवा स्थिरकारक न घालताही कण मिळवता येतात. म्हणून या पद्धतीचा खरा लाभ कणांचा उघडा पृष्ठभाग हाच आहे, आणि पुढील प्रत्येक पायरीवर तो जपणे आवश्यक आहे.

पाण्यात समोरासमोर धरलेल्या दोन तारांमध्ये उच्च दाबाचे विद्युत स्पंद दिले की मधले पाणी तापून त्याची वाफ होते आणि त्या वाफेच्या बुडबुड्यात प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, पेटतो. तारांच्या टोकांवरील चांदीचे अणू सुटून बाहेर पडतात आणि सभोवतालच्या थंड पाण्यात लगेच गोठतात. वाढायला वेळच न मिळाल्याने कण लहान राहतात.

हा प्रयोग घरी करण्याचा नाही. सुमारे 1 ते 2 किलोव्होल्टचा दाब जीवघेणा ठरू शकतो, म्हणून झाकण उघडताच पुरवठा तोडणारा स्विच बसवावा, हात घालण्यापूर्वी अर्थिंगच्या दांड्याने यंत्रणेतील साठलेला भार काढून टाकावा आणि एकट्याने काम करू नये. पाण्याच्या विघटनातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे पात्र फ्यूम हूडमध्ये ठेवावे. प्लाझ्मा अतिनील प्रकाशही फेकतो. तो रोखणारा चष्मा घालावा.

सुमारे 1 मिलीमीटर व्यासाच्या शुद्ध चांदीच्या दोन तारा घ्याव्यात. टंगस्टनच्या तारा आणि चांदीचे क्षार वापरूनही कण होतात, पण टंगस्टनही झिजते आणि नमुन्यात मिसळते. प्रत्येक तारेवर सिरॅमिकची नळी चढवून केवळ 1 मिलीमीटर टोक उघडे ठेवावे. मधले अंतर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या मापपट्टीने) 0.5 मिलीमीटरवर आणावे आणि तारा बसवण्यापूर्वी त्यांचे वजन अचूक नोंदवावे.

विआयनीकृत पाण्याची वाहकता फार कमी असते. 200 मिलीलीटर पाण्यात सुमारे 28 मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घातले की ती साधारण 200 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर होते. मीठ मुळीच वापरू नये, कारण क्लोराइडमुळे चांदीचा अविद्राव्य पांढरा क्षार तयार होतो. नळाचे पाणीही याच कारणाने टाळावे. द्रवातून आरगॉन सोडत राहावे, अन्यथा हवेतील नायट्रोजनपासून नायट्रिक आम्ल तयार होऊन नुकतेच जन्मलेले कण विरघळू लागतात.

चांदीचे कण शेवटी कार्बनच्या पुडीवर बसवायचे आहेत, पण पहिली फेरी कार्बनशिवाय करावी. 20 किलोहर्ट्झ वारंवारता, 2 मायक्रोसेकंद रुंदीचे द्विध्रुवी स्पंद आणि सुमारे 1.5 किलोव्होल्ट येथून सुरुवात करता येते. द्रव पिवळसर होऊ लागतो आणि शोषण वर्णपटात 400 नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिसते. हे शिखर रुंदावून लांब तरंगलांबीकडे सरकू लागले, तर कण गोळा होत आहेत असे समजावे. टोके झिजून अंतर वाढते आणि प्लाझ्मा अडखळतो. अशा वेळी दाब वाढवण्याचा मोह टाळून, पुरवठा बंद करून अंतर पुन्हा जुळवावे, कारण अंतर बदलले की कणांचा आकारही बदलतो आणि दोन फेऱ्यांची तुलना निरर्थक होते.

मुख्य फेरीत 100 मिलिग्रॅम कार्बन ब्लॅक अल्ट्रासाउंडने पाण्यात नीट पसरवून मगच प्लाझ्मा पेटवावा. कार्बन नंतर मिसळण्यापेक्षा आधीच हजर असणे मला अधिक योग्य वाटते, कारण सुटा कण दुसऱ्या कणाला भेटण्यापूर्वी कार्बनवर स्थिरावू शकतो. ढवळणे मात्र थांबता कामा नये. कार्बन विद्युतवाहक असल्याने तो तारांमध्ये साचला की शॉर्ट सर्किट होते. पात्र बर्फाच्या पाण्यात ठेवावे आणि अधूनमधून तारा धुऊन, वाळवून तोलाव्यात. दोन्ही मिळून 25 मिलिग्रॅम घट झाली की थांबावे. सर्व चांदी कार्बनवर बसली असे धरल्यास तिचे प्रमाण 20 टक्के होते. प्रत्यक्षात काही चांदी मोठ्या तुकड्यांच्या रूपात गळते, म्हणून वाळलेल्या नमुन्याचे औष्णिक भारमापन हवेत करून कार्बन जाळावा आणि उरलेल्या चांदीवरून खरे प्रमाण काढावे.

त्याआधी नमुना विआयनीकृत पाण्याने सेंट्रिफ्यूजमध्ये धुऊन निर्वात ओव्हनमध्ये 60 अंश सेल्सियसवर वाळवावा. चांदी 962 अंशांना वितळत असली, तरी तिचे नॅनोकण त्याहून पुष्कळ कमी तापमानाला एकमेकांत मिसळू लागतात. क्ष-किरण विवर्तनात, तांब्याच्या किरणांसाठी, 38.1 अंशांच्या कोनावर (2θ) चांदीची रेषा दिसली पाहिजे.

बॅटरीत लावण्यापूर्वी ऑक्सिजनने संपृक्त केलेल्या 0.1 मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये नमुन्याची ऑक्सिजन क्षपणाची चाचणी घ्यावी. तुलनेसाठी मूळ कार्बनसोबत, टंगस्टनच्या तारांमध्ये तेवढाच वेळ प्लाझ्मा दिलेला कार्बनही तपासावा. प्लाझ्मा कार्बनचा पृष्ठभागही बदलतो, आणि ही दुसरी तुलना नसेल, तर सुधारणेतला किती वाटा चांदीचा आहे हे सांगता येत नाही.