चार्टवरचा ठिपका आता ओढता येत नाही, त्यावर माझा उपाय

तालुक्याच्या दूध संघात मी हिशेबाचं काम पाहते. दरवर्षी मार्चमध्ये पुढच्या वर्षाच्या संकलनाचा अंदाज बांधावा लागतो: एप्रिल ते मार्च, कोणत्या महिन्यात रोज सरासरी किती लिटर दूध येईल. एक्सेल 2003 होतं तोवर हे काम थेट चार्टवर व्हायचं. रेषेवर एकदा क्लिक, मग हव्या त्या ठिपक्यावर पुन्हा क्लिक, आणि ठिपका धरून वर-खाली ओढायचा. सोडला की सेलमधला आकडा बदललेला. आमचे संकलन सुपरवायझर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणायचे, "मॅडम, मे अजून खाली घ्या, हिरवी वैरण कुठाय तेव्हा?" त्यांचं "हां, बास" येईपर्यंत मी ठिपका खाली घेत राहायची. बारा आकड्यांचा तक्ता पुढे ठेवला तर हीच माणसं गप्प बसतात. दुधाची चढउतार त्यांना रेषेत दिसते, म्हणून मला ही सोय मोलाची वाटते.

एक्सेल 2007 मध्ये ती गेली. 2010 मध्ये चार्टवरचं डबलक्लिक परत आलं, नक्षीचे भराव परत आले, पण ठिपका ओढणं आलं नाही. तेव्हा सेटिंगमध्ये शोधत बसू नका. तेवढ्यासाठी 2003 ठेवूनही देऊ नका. त्याचे सुरक्षा अपडेट 8 एप्रिल 2014 पासून बंद आहेत.

त्याऐवजी प्रत्येक महिन्याखाली एक सरकपट्टी (स्क्रोल बार) लावा. मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधला छोटा प्रोग्रॅम, लिहावा लागत नाही.

पहिल्या ओळीत बी1 पासून एम1 पर्यंत महिने लिहा. दुसरी ओळ अंदाजाची, तिसरी पट्टीच्या आकड्याची, चौथीत महिन्याचे दिवस. बी2 मध्ये =(200-बी3)*100 हे सूत्र टाका (अक्षरं अर्थात इंग्रजी) आणि एम2 पर्यंत ओढा. 200 मधून वजा का, तर उभ्या पट्टीचा आकडा वरच्या टोकाला सर्वांत कमी असतो. वजा केलं नाही तर पट्टी वर सरकवल्यावर दूध कमी होतं आणि सगळे गोंधळतात. 100 ने गुणायचं कारण, पट्टी फक्त 0 ते 30000 मधले पूर्णांक घेते. एका टिचकीला 100 लिटर, हे आमच्या संघाला पुरतं. तुमच्या आकड्यांप्रमाणे बदला.

आता पहिल्या दोन ओळींवरून रेषेचा चार्ट काढा. मग उभ्या अक्षावर राइट क्लिक करून फॉरमॅट अ‍ॅक्सिसमध्ये किमान 0 आणि कमाल 20000 पक्कं करा. हे विसरू नका. अक्ष ऑटोवर राहिला तर आकड्यांबरोबर मोजपट्टीच बदलते, आणि दूध किती घटलं ते डोळ्यांना कळत नाही.

डेव्हलपर टॅब दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबनमध्ये त्यावर टिक करा. तिथे इन्सर्टमध्ये फॉर्म कंट्रोल्सखालचा स्क्रोल बार घ्या आणि चार्टखाली एप्रिलच्या कॉलममध्ये उभा काढा. अल्ट दाबून काढलात तर तो सेलच्या रेघांना बरोबर चिकटतो. राइट क्लिक, फॉरमॅट कंट्रोल: मिनिमम 0, मॅक्सिमम 200, इन्क्रिमेंटल चेंज 1, पेज चेंज 5, सेल लिंक बी3. मग त्याच्या अकरा प्रती करा. प्रत केली तरी सेल लिंक बी3 च राहते, म्हणून प्रत्येकीची हाताने बदला: सी3, डी3, अशी एम3 पर्यंत. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं. शेवटी चार्टचा आतला चौकोन ओढून असा बसवा की प्रत्येक ठिपका आपल्या पट्टीच्या डोक्यावर येईल.

सुरुवात गेल्या वर्षाच्या आकड्यांनी करा. 12,400 लिटर हवे असतील तर तिसऱ्या ओळीत 76 टाका.

जुन्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट होती. ठिपक्यामागच्या सेलमध्ये सूत्र असलं तर ओढल्यावर गोल सीकची खिडकी उघडायची: हवं ते उत्तर सांगायचं, त्यासाठी कोणता आकडा किती हवा ते एक्सेल शोधतं. ते आता डेटा टॅबमधून, व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिसमध्ये जाऊन करायचं. एन2 मध्ये =समप्रॉडक्ट(बी2:एम2,बी4:एम4) टाकलं की वर्षाचं एकूण दूध मिळतं. सेट सेल एन2, टू व्हॅल्यू म्हणजे संचालक मंडळाचं उद्दिष्ट, आणि बाय चेंजिंग सेलमध्ये जे3, म्हणजे डिसेंबर. बदलायला मी नेहमी हिवाळ्यातलाच महिना धरते. पावसाळ्यानंतर म्हशी वितात, दूध वाढायचं ते तेव्हाच. मे महिन्यावर वाढ टाकून कागदावर उद्दिष्ट गाठण्यात अर्थ नाही. जे3 शून्याच्या खाली गेला तर समजा, एकट्या डिसेंबरला ते झेपणारं नाही. मग सुपरवायझरांना विचारून नोव्हेंबर-जानेवारी थोडे वर घ्या.

शीट प्रोटेक्ट करणार असाल तर आधी तिसऱ्या ओळीचे सेल अनलॉक करा. नाहीतर ऐन बैठकीत पट्टी सरकवायला जाल आणि एक्सेल एररचा संदेश दाखवून अडून बसेल.